शुद्धलेखन

हरी टेकाड्याचा पोरगा आला दुकानात,
म्हणाला, काका, दहा बाय आठ.
चौकात लावाचा हाये. तेरवी मंगळवारी.
फोटो माझ्याच कॉम्प्युटरमधला:
हात उंच, मागे ढग.
ते ढग मी सगळ्यांच्याच मागे लावतो.

हरी आणि मी एका बाकावर.
गुरुजींनी 'शुद्ध' सांगितलं की
हा ध आधी लिहायचा, द मागून.
शुध्द.
छडी खायचा, तळवे मांडीखाली दाबायचा,
पण माझ्या पाटीत बघायचा नाही.

पुढे जिनिंगच्या वजनकाट्यावर होता.
जिनिंग बंद पडली,
मग चार उन्हाळे पानठेल्याच्या फळीवर.
मग अमरावतीहून पांढरी गाडी आली
आणि त्यातला माणूस त्याला 'हरिभाऊजी' म्हणाला.
घरातल्या 'अजी'शिवाय
त्याला कोणी जी लावला नव्हता तोवर.

पहिलं पत्रक त्यानं काट्याच्या जुन्या वहीवर लिहून आणलं.
आपलं रक्त शुध्द. आपली माती शुध्द.
कोणाकडून काही घ्यायचं नाही, कोणाला द्यायचं नाही,
खाली अकरा नावं.
तिसरं हाशम पिंजारी.

मी लाल पेन घेतला.
द वर केला, ध त्याच्या पोटाखाली.
'पवीत्र'ची वेलांटी फिरवली,
'बहीष्कार'मधला ही ऱ्हस्व केला.
नावं मात्र सगळी बरोबर होती,
एका काना-मात्रेची चूक नव्हती नावांत.
हजार प्रती, रोख पैसे.
म्हणाला, तुह्यामुळं कागद शोभते लेका.

दिवाळीआधी आमच्या आळीत
हाशमच्या पिंजणाचा तुंय-तुंय आवाज असायचा.
पोरांच्या पापण्यांवर कापूस बसायचा.
हरी ज्या गादीवर जन्मला,
तिचा कापूस हाशमच्या बापानं पिंजलेला.

कोणी कोणाला मारलं नाही.
पेपरात काही आलं नाही.
फक्त किराण्यात त्यांच्यापुरतं तेल संपलेलं असायचं,
ते डबा घेऊन गेले की गिरणीचा पट्टा तुटायचा,
शाळेच्या ऑटोत त्यांच्याच पोरांना जागा नसायची.
पोळा झाला, तान्हा पोळा झाला,
आणि हाशमनं पिंजण मेटॅडोरमध्ये ठेवलं, उभं,
दोरीनं बांधून, म्हाताऱ्या माणसासारखं.
बुऱ्हाणपूरकडे गेला म्हणतात.
त्याच्या ओट्यावर मंचाचा फलक लागला.
तोही मीच केला.

हरी दोनदा आत गेला, दोनदा हार घालून आला.
दोन्ही बॅनर माझ्याकडचे.
मग गाडीवाल्यांना तरणी पोट्टी मिळाली.
दर वर्षी फोन यायचा:
टेकाडेंचा फोटो जरा बारीक घ्या.
मी माऊसनं कोपरा धरून ओढायचो.
मधून कडेला, कडेवरून खाली,
शेवटी तर तो मोबाइल नंबरांच्या ओळीत
टाचणीच्या डोक्याएवढा होता.

गेल्या मार्गशीर्षात रात्री आला एकदा,
सुकलेला, हातात लघवीची पिशवी.
म्हणे, हाशम कुठं रायते आता?
मी म्हटलं, कायले?
म्हणे, गादी टोचते बे.
मशीनच्या कापसाले ऊब नाही.
एवढंच. माफीबिफी काही नव्हतं.
मी म्हटलं, माहीत नाही,
आणि मला खरंच माहीत नव्हतं,
मी कधी विचारलंच नव्हतं.

पोरानं कागद दिला, चौकोनी वहीचा.
'शुध्द विचारांचा निर्भिड योध्दा.'
बापाचंच अक्षर. ध आधी.

ह्या वेळी राहू द्यावं, असं वाटलं खरं.
पण हात चाळीस वर्षांच्या वळणानं गेला:
द वर, ध खाली, दोन्हीकडं.
'निर्भिड'ची वेलांटी बदलली.

पोरगा वाकून बघत होता स्क्रीनवर.
काका, तुमची नजर लय बारीक आहे, म्हणाला.
मग गाडीला किक मारता मारता,
रविवारी एक मजकूर आणतो.
नावं हायेत थोडी.
तेवढं तपासून ठेवजा.