तंबू क्रमांक सात

महापेत पहाटेचे दोन.
तिकडे लॉजवर रात्रीचे साडेअकरा.
डेनव्हरच्या बाईंच्या खिडकीत अजून ऊन आहे
आणि त्या विचारतायत,
बाथटब नक्की पाणवठ्याकडे तोंड करून आहे ना?

आहे.
तांब्याचा आहे, खाली सिंहाचे पंजे,
आडवी एक लाकडी फळी, पुस्तक आणि पेला ठेवायला.
मी तो पाहिलेला नाही.
पण डाव्या काठाला पोचा आहे, हे मला ठाऊक आहे,
मागच्या जुलैत ती तक्रार मीच लिहून घेतली होती.

हेडफोन लावला की मी हॅना.
काढला की हर्षला दामोदर म्हात्रे, घणसोली गाव.
हॅनाला सगळं येतं.
कुठल्या महिन्यात कळप नदी ओलांडतात,
उशाशी शिट्टी का ठेवलेली असते,
आणि रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी असते
हे आधी सांगून ठेवायचं,
नाहीतर पाहुणे पायाला काहीतरी ऊबदार लागलं म्हणून
अख्खा तंबू डोक्यावर घेतात.
बिबट्या दिसला नाही, अर्धे पैसे परत द्या,
म्हणणाऱ्या गृहस्थांनाही हॅना हसून सांगते,
सर, प्राणी आपल्या मर्जीचे मालक असतात.
हर्षलाच्या डब्यात मांदेली असतात
म्हणून ती पँट्रीत सगळ्यांच्या शेवटी जेवते.

नळ दुरुस्त झाला का, बघून सांगतो,
असं म्हणून लेमायान रिसीव्हर टेबलावर ठेवून गेला.
बाई होल्डवर, त्यांच्या कानात पियानो.
माझ्या कानात आधी जनरेटर.
मग जनरेटर बंद झाला
आणि जे उरलं त्याला मी शांतता म्हणणार
तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणी
भरलेलं गोदरेजचं कपाट ओढावं तसं काहीतरी.
थांबलं. पुन्हा ओढलं.
मी चक्क छताकडे पाहिलं.

ऐकलंस? लेमायान परत आला होता.
लांब आहे तो, नदीच्या पलीकडे.
मग नळाचं सांगायचं सोडून म्हणाला,
तो पाणवठा आता पंपाने भरतात,
पूर्वी आपोआप भरायचा, वडिलांच्या गाई तिथं यायच्या.
मी म्हटलं, मी बसलेय तो सातवा मजला.
याच्या खाली आमचं भाताचं खाचर होतं,
आजोबा बांधावर चिंबोऱ्या धरायचे.
मग आता तिथं कोण येतं? त्यानं विचारलं.
ऑडिटवाले, मी म्हटलं.
तो इतका हसला की मला वाटलं
सात नंबरचे पाहुणे जागे होतील.
नंतर आम्ही दोघं थोडा वेळ गप्प होतो,
फोनवर गप्प, म्हणजे कुणाच्या तरी पैशांनी.

नळ दुरुस्त आहे, मॅडम.
हो, पाणवठा दिसतो. झोपूनसुद्धा.

शिफ्ट संपताना भूपेश आला.
हॅना, चार मिनिटं अकरा सेकंद होल्ड?
मी म्हटलं, सिंह होता.
त्यानं तक्त्यात पाहिलं,
सिंहासाठी रकाना नव्हता,
'इतर'मध्ये टाकलं.

रात्री जेवणघरातून तंबूपर्यंत
पाहुण्यांनी एकट्यानं चालायचं नाही, लॉजचा नियम.
बाईमाणसाला एकटीला सोडायचं नाही,
हा आमच्या कॅबचा.
तिकडे सोबतीला भालेवाला असतो,
इथे सर्जेराव, त्याच्या मांडीवर काठी,
ठाणे-बेलापूर रोड येईस्तोवर तो झोपलेला.
मी उतरले तेव्हा मीच त्याला उठवलं,
पोचले म्हणून सही घ्यायची असते त्याला.

बाबा ओट्यावर जागेच.
खाडीच्या बाजूला, खारफुटीच्या काळोखात
एकानं सूर लावला, मग चार-पाच जणांनी.
बाबा कूस न बदलता म्हणाले,
कोला वरडतय गो. झोप आता.

मी अंधारातच आडवी झाले.
पायाला काहीतरी ऊबदार लागलं.
ओरडले नाही.
मांजर थोडी सरकली,
मीही.