लिटर

आमच्याकडं लिटर म्हणजे पाणी.
दोनशे लिटर म्हणजे दारापुढचा निळा ड्रम,
त्याच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं आडनाव.
पंधरा म्हणजे घागर.
एक म्हणजे पाहुण्याचा तांब्या,
तोही आई म्हणायची, अर्धाच ने,
लागलं तर मागतील.

म्हणून नाथसागराच्या काठावर
दस्तगीरमामूनं गाळात टेकवलेली ती पिवळी फळी दाखवून
"ही दोनशे वीस लिटरची" म्हटलं,
तेव्हा मी वाकून तिची तोटी शोधली.
मामू हसला नाही.
धरणावर एकतीस वर्षं पातळीची पट्टी वाचलेला माणूस,
पाण्याच्या बाबतीत चटकन हसत नाही.
"आत हवा आहे, वैजंता.
जितके लिटर, तितकं ती माफ करते."

तिनं पुष्कळ माफ केलं.
दाराएवढी रुंद, पोटातून खाली सोडलेलं लांब पातं,
आणि वर साडेतीन मीटरचं शीड
(चौरस मीटर. ब्लाउजपीस नव्हे, हे मामूनं दोनदा सांगितलं).
पडलेलं शीड दोरीनं वर ओढायचं, पोहऱ्यासारखं,
कंबरेनं नाही, मांड्यांनी.
थर्माकोलच्या तुकड्यावर मांडी घालून
जाळी सोडणारी भोयांची पोरं
माझं पडणं मोठ्यानं मोजायची.
एकोणतीसनंतर त्यांनाच कंटाळा आला.

पुढच्या वर्षी मला हाव सुटली.
शेडमध्ये कुणा साहेबाच्या मुलानं टाकून दिलेली
काळी, निमुळती, पंच्याण्णव लिटरची.
मामू नमाजाला गेला होता तेवढ्यात काढली.
उभी राहिले, तशी ती खाली बसली
डबक्यात म्हैस बसते तशी, निवांत,
आणि मी गुडघाभर पाण्यात, शीड हातात,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.
"काहून घाई?" मामू काठावरून.
"ती हवेवर तरंगत नाही, वेगावर तरंगते.
वेग कुठंय तुझ्याकडं?"

मग एकशे साठ. शीड पाच मीटर.
कमरेला पट्टा आणि हूक आला,
तेव्हा कळलं की वारा हातांनी धरायचाच नसतो,
त्याच्यावर रेलायचं असतं.
दुपारी तीनला पश्चिमेकडून पाणी काळं पडत यायचं,
मी त्याच्याकडं बघून शीड निवडायची,
चुकायची,
मोठं घेतलं की फेकली जायची,
लहान घेतलं की उभी.

एप्रिलात पातं कशाला तरी लागलं.
फळी थांबली, मी नाही.
पाण्याखाली, हातभर खोल, घडीव दगड.
मामूला सांगितलं, कुठल्या झाडाच्या रेषेत, किती आत.
तो जरा वेळ बोलला नाही.
"शाळेचा ओटा असंल," म्हणाला.
"पातळी उतरली की आखूड पातं लाव."
आणि स्वतःच पाना घेऊन
स्क्रू सैल करत बसला,
त्या पातळीची रोज सकाळी सहाला
वहीत नोंद केलेल्या हातांनी.

आता एकशे पंधरा.
थांबले की बुडते, पळाले की तरंगते,
एवढंच तिचं आणि माझं ठरलेलं.
काळी अजून शेडमध्येच आहे.

परवा आई आली बघायला.
पदर कमरेला खोचून, चपला हातात.
किती लिटर, तिनं विचारलं.
मी सांगितलं. पहिली किती होती, तेही.
"म्हणजे शिकत गेलं की कमीत भागवायचं," ती म्हणाली.
"त्याला एवढी वर्षं लागली तुला?
मी चौघांचं चाळीसात केलंय,
त्यात तुझी वेणीसुद्धा धुतलीय."

मग खाली बसली,
बाजारात माठ घेताना वाजवतात
तशी फळीवर टिचकी मारली,
कान लावून ऐकलं,
पुन्हा एकदा मारली.

"पक्की भाजलीय," म्हणाली.