शीर

कालच्या पाळीतल्या पोरानं
नळीवर लिहून ठेवलं होतं: नायजेरियन – १.
नळी रिकामीच.
दोनदा टोचलं, शीर मिळाली नाही,
मग म्हणाला, उद्या या.

तो आज आला, आठच्या आत,
कोपराच्या खोबणीत कालचा कापूस तसाच.
डोंगरीच्या दवाखान्यातल्या बाकावर
त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी
आणि भिंतीला टेकून पाच बायका उभ्या.

केसपेपरच्या खिडकीत आधी आधार मागितलं,
मग पासपोर्ट, मग घरमालकाचं पत्र.
पायाची जखम कुणी मागितली नाही.
ती त्यानं मला दाखवली, मोजा उतरवून,
अंगठ्याखाली, रुपयाएवढी, चार महिन्यांची.
मेडिकलवाल्याचं मलम लावत होता, म्हणाला,
मोडक्या हिंदीत.
माझी हिंदी तरी कुठे धड आहे.

डिमेलो सिस्टर सांगायच्या,
शीर बघायची नसते गं, चाचपायची असते.
गोऱ्या मनगटांनी आपले डोळे आळशी केलेत.
मी डोळे मिटले. तर्जनी ठेवली.
कातडीखाली काहीतरी दबलं आणि उसळून वर आलं,
ओल्या दोरीसारखं.
एका टोचण्यात.

नाव?
कोजो.
म्हणजे काय?
सोमवारी जन्मला तो.
आणि नायजेरिया नाही, बेनिन. शेजारी.

लेबलावर माझा हात थांबला.
माझ्या बापाचं नाव बुध्या.
तलासरीहून डहाणूला आणला होता त्याला, खोकला घेऊन,
तेव्हा खिडकीतला हसला,
हे नाव की वार?
आणि आपल्याच मनानं बुधाजी लिहून मोकळा झाला.
बुधाजी, बुधाजी अशी हाक आली.
बाप बसूनच राहिला.
नंबर गेला.

मी एकेक अक्षर विचारून लिहिलं:
कोजो अग्बोसू, वय एक्केचाळीस.
लेबल पुरलं नाही, दुसरं जोडलं.

साखर तीनशे अठ्ठ्याऐंशी.
रिपोर्ट गुरुवारपासून ट्रेमध्ये पडून आहे.
दिलेला नंबर वाजतो, वाजत राहतो.
दवाखान्याचा फोन की पोलिसांचा,
त्याला कसं कळावं?
मीही उचलला नसता.

न्यायला कुणी आलं नाही
तर महिन्यानं फाडायचे असतात.

आज सोमवार.
बाक गच्च भरलाय,
कुठेच जागा मोकळी नाही.