दोन भोकं

बा हातोडीनं पुठ्ठे पाडायचा.
भोक असलं की दोरा उठतो,
नसलं की निजून राहतो.
आंधळगावच्या मागावर काठातली कोयरी
एवढ्याच दोन गोष्टींनी झालेली.

नागपूरला, शिरगणतीच्या हपीसात,
मी तेच करायला लागले, पगारावर.
माणसाला एक कार्ड.
वय, धंदा, अक्षरओळख, सगळं भोकांत.
मग यंत्र गावंच्या गावं पिसून काढायचं,
विणणारे या खणात,
न विणणारे त्या.
रात्री कानांत धोट्याऐवजी तेच वाजायचं.

दिवाळीला एक बाद कार्ड नेलं बाला दाखवायला.
त्यानं दाराच्या उजेडात धरलं,
अंगठा फिरवला, थांबला.
"एका घरात दोन भोकं पाडली व पोरी.
आता दोरा उठन का निजन?"

ती वनाबाई धकाते. अर्जावर आधी सधवा,
खोडून विधवा, त्यावर पुन्हा शाई.
नवरा कन्हानच्या खाणीत गेला त्याला नऊ वर्षं.
हे मी बाला सांगितलं नाही.

त्यानं मागाची खळ घेतली बोटावर,
कागदाची टिकली लावून एक भोक बुजवलं
आणि कार्ड उन्हात ठेवलं, वर अडकित्ता.
विधवेचं बुजलं होतं. मी गप्प बसले.

सोमवारी यंत्रात घातलं.
खळीचा फुगवटा त्याला सोसेना,
तीनदा बाहेर टाकलं.
सुपरवायझर बाई म्हणाल्या, नवीन पाड.

कोरं कार्ड लावलं.
त्या घरापर्यंत आले,
आणि बोट उचलून बसून राहिले.