पन्हळ

सुरीला धार एक.
कात्रीला दोन, पण समोरासमोर, भांडणाऱ्या जावांसारख्या.
हे मला बापाने शिकवलं,
भद्रकालीत, ह्याच फळीवर, ह्याच चाकापाशी.

मग एका दुपारी गायधनींची शर्वाणी आली,
नोटप्रेसमधल्या गायधनींची धाकटी,
आणि फळीवर तिने बूट ठेवले.
खाली पोलादी पाती.
म्हणाली, शिकलगारकाका, ह्याच्या दोन्ही कडा धारदार हव्यात
आणि मधे पन्हळ.
कशाला?
बर्फात रुतायला.

गिऱ्हाइकाला हसू नये. मी हसलो.
नाशकात बर्फ म्हणजे मासळीबाजारामागचा कारखाना,
गोळेवाल्याचा रंधा,
आणि निफाडकडे एखाद्या पहाटे
द्राक्षाच्या पानावर कडक झालेलं दव.

पहिली जोडी मी जाळली.
पोलाद निळं पडलं.
ती काही बोलली नाही, आठ महिन्यांनी दुसरी घेऊन आली.
तोवर मी दगडाची कड छिनून ठेवली होती
रुपयाच्या नाण्याच्या गोलाईवर.
ह्या वेळी पाणी सोडत, हळू, श्वास धरून.
धार लागली की ती पातं नखावरून ओढायची,
पांढरा भुगा निघाला की मान हलवायची.

सिडकोत जलकुंभाखालच्या सिमेंटवर ती चाकांवर खेळली होती.
बर्फावर पहिल्यांदा उभी राहिली ती कारखान्यातल्या लादीवर.
दाराएवढी लादी. हमालाने आकडा धरून ठेवला, ती उभी.
सरकायला जागाच नव्हती.
तरी उतरली तेव्हा चेहरा असा,
की हमालाने विडी विझवली.

पुढचं मी ऐकलेलं.
लेहचं गोठलेलं तळं, उसनं हेल्मेट,
पाठीवर पंधरा आकडा. आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवरचा, म्हणाली.
मग अल्माटीकडचा एक क्लब, पगारावर.
पगार नोटप्रेसच्या शिपायापेक्षा कमी,
पण तिचा बाप, जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजलेला,
ते पाकीट घेऊन माझ्या दुकानी आला,
उघडलं नाही, नुसतं दाखवलं.

तिथे म्हणे पाऊण मिनिट बर्फावर,
की बाकावर. मग परत पाऊण मिनिट.
पाऊण मिनिटात माणूस पुरता रिकामा होतो, काका.
दोन हंगाम. तिसऱ्यात कुणीतरी मागून फळ्यांवर दाबली,
पाऊल रुतलेलं राहिलं, गुडघा फिरला.
(कड चांगली होती, म्हणाली. जरा बोथट असती तर सुटले असते.
हे मला लागलं. तिने लागावं म्हणून सांगितलं नव्हतं.)

तिने हिशेब केलेला होता:
सगळी कारकीर्द मिळून
बर्फावरचा वेळ सहा तास अकरा मिनिटं.
एवढाच? मी म्हणालो.
मग रात्री झोप लागेना म्हणून मीही हिशेब केला,
पातं प्रत्यक्ष दगडाला टेकलेलं असतं तेवढाच वेळ धरला.
बाकी चाळीस वर्षं काय करत होतो?
चाक फिरण्याची वाट पाहत होतो.

आता ती पिंपळगावला द्राक्षांच्या शीतगृहात सुपरवायझर आहे.
शून्य अंशाची खोली,
बाकीच्यांना कानटोपी लागते, तिला नाही.
जिना उतरताना आधी डावा पाय.

काल आली. पोत्यात घड छाटायच्या कात्र्या, एकशेचाळीस.
हंगाम तोंडावर आलाय, म्हणाली, मंगळवारपर्यंत हव्यात.
पहिली करून दिली.
तिने ती नखावरून ओढली.
भुगा निघाला.
परत ओढली, उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून
पात्यावरून पाहिलं, जसं लांबच्या कशाकडे पाहतात,
आणि म्हणाली,
काका, डावी कड केसभर उंच राहिली.

कात्रीला कुठे डावी-उजवी, असं म्हणणार होतो.
चाकावर पाणी सोडलं.
परत लावली.