बेचाळीस टक्के

आयसोअमाइल अल्कोहोलचा वास ओल्या मोज्यांचा,
घशात जाऊन बसणारा.
अ‍ॅसेटिक आम्लाला जेसिंता लगेच ओळखते:
त्यांच्याकडच्या माडाच्या व्हिनेगरचा थोरला भाऊ.
दोघांनाही एकेकटं हुंगवत नाही.
तिने वरून गंधकाम्लाचे चार मिली सोडले,
काचेच्या कडेने, श्वास धरून,
आणि फ्लास्क माझ्या तळव्यात तापला.

मग तासभर उकळणं.
वाफ वर जाते, थंड नळीला टेकते,
थेंब होऊन परत.
वेंगुर्ल्यात नळाचं पाणी नऊलाच गेलं,
म्हणून सगुणने एक बादली कपाटावर ठेवली, एक खाली,
खालची भरली की ती वर,
वरची रिकामी झाली की ती खाली.
परुळेकर सर फळ्यावर दोन बाण काढत होते, उलटसुलट,
प्रत्येकाला अर्धंच टोक.
एस्टर झाला की पाणीही होतं, म्हणाले,
आणि ते दोघे भेटले की पुन्हा मूळपदावर.
गाडी मध्येच कुठेतरी थांबते.
सगुण तेव्हा बादली घेऊन स्टुलावर चढत होता.

गार झाल्यावर पाणी ओतलं. दोन थर.
सर बजावून गेले होते,
खात्री होईस्तोवर काहीही फेकायचं नाही.
आरोसकरला खात्री होती.
त्याने वरचा थर बेसिनमध्ये ओतला,
आणि अख्खं बेसिन पिकल्या केळीसारखं घमघमलं.
तो जाळीवर वाकून बघत राहिला बराच वेळ,
दुपारचा ओहोटीचा वारा आत येत होता.
आम्ही एक थेंब पाणी टाकून पाहिलं.
थेंब खाली गेला, खालच्यात मिसळला.
म्हणजे आपलं ते वरचं.

खायचा सोडा घातला तसं नरसाळं फुरफुरलं,
तोटी वर करून वायू सोडायचा,
हलवायचं, पुन्हा सोडायचा,
निळा लिटमस निळाच राहीपर्यंत.

त्यानंतर खारं पाणी.
कशाला, ते पुस्तकात एका ओळीत होतं.
मला ती ओळ वाचावी लागली नाही.
बाबलमामा शिरोड्याच्या मिठागरात
चाळीस वर्षं फळी ओढतो, टाचांना भेगा,
भेगांत पांढरी रेघ.
तो म्हणतो, मीठ पाण्याक सोडीत नाय,
पाणीच मिठाक सोडून जाता.
इथे फनेलात पाण्याला जायला जागा नव्हती.
मिठाने त्याला धरून बसवलं
आणि एस्टरला वर यावं लागलं,
जरासा गढूळ, पण वेगळा.

उरलंसुरलं पाणी शोषायला कॅल्शियम क्लोराइड.
बरणी उघडली तर अर्धी आधीच ओली,
गूळ पाघळावा तशी.
झाकण लाव गो, सगुण ओरडला,
ता दर्याचो वारो पिता.
या गावात कोरडं काही ठेवायचं म्हणजे
राखणच करावी लागते.
कोपऱ्यातले कोरडे खडे वेचून घेतले,
ते द्रवात तळाशी बसले, एकमेकांना चिकटले,
मग काही चिकटेनासे झाले.
वरचं पाणीदार दिसत होतं
आणि त्यात पाणी नव्हतं.

ऊर्ध्वपातन. एकशे चाळीस अंशांवर
पहिला स्वच्छ थेंब टोकाशी लोंबला,
पडेना.
जेसिंता पुटपुटली, सांत आंतोनी.
पडला.

यायला हवे होते अठरा ग्रॅम.
आले दहा पूर्णांक चार.
उतारा अठ्ठावन्न टक्के,
मी लेबलवर लिहिलं, शाई दमट हवेत पसरली.
बाकीचं कुठे गेलं ते सरांनी विचारलं,
तोंडी परीक्षेत विचारतात तसं, चष्म्यावरून.
मी म्हटलं, काही उलट फिरलं असेल, सर,
काही नरसाळ्याच्या गळ्याशी,
काही खाऱ्या पाण्यात.
बरोबर, म्हणाले. आणखी?
आणखी मला सुचलं नाही.

पाच दहाच्या एसटीत, मोचेमाडच्या खाडीपाशी,
पुढच्या सीटवरचं पोर मागे वळलं.
माझ्या पिशवीकडे बघितलं, मांडीकडे,
मग आईचा पदर ओढून म्हणालं, केळा.
नाय रे, कोणाकडे नाय, ती म्हणाली,
आणि तीही हुंगू लागली.
मी ओढणी खिडकीबाहेर धरली.
आरवली येईपर्यंत कंडक्टरसुद्धा
वरच्या फळीवर टोपली शोधत होता.