पाणी पसरेपर्यंत

मिसेस बेनननी स्कूटर आणून उभी केली शेडसमोर,
चार चाकांची, बॅटरीवरची, म्हातारपणाची.
म्हणाल्या, ही राखाडी नको, दवाखान्यासारखी दिसते.
पोपटी कर.

न्यूपोर्टमधला नोव्हेंबर. भिंतीसुद्धा घामेजलेल्या.
मागे एकदा घाई केली होती मी,
पोरीच्या सायकलच्या मडगार्डवर थेट फवारा.
आठवड्यात सालपटं निघाली,
उन्हानं सोललेल्या नाकासारखी.

प्लॅस्टिक कुणाला अंगाला लावून घेत नाही.
साच्यातून अलगद सुटावं म्हणून
जन्मतानाच मेण फासलेलं असतं त्याला.
भोसरीच्या पेंटशॉपमध्ये खिलारे म्हणायचे,
रंग दहा मिनिटांचा, धुणं दिवसाचं.

म्हणून धुतो.
कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश.
कंगोऱ्यांत बिस्किटांचा चुरा,
हँडलखाली कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगम.
नातू, त्या म्हणतात.
असेल, मी म्हणतो.

मग पाणी ओतून बघतो.
थेंब उभे राहतात, गोल, टपोरे,
अळवावरचे.
म्हणजे मेण आहे अजून.
पुन्हा स्पिरिट. एक फडकं ओलं, एक कोरडं,
आणि एकाच दिशेनं,
मागे फिरलास तर पुसलेलं परत फासशील,
हेही खिलारेच.
मग आठशेचा कागद, पाण्यात बुडवून, हलक्या हातानं,
चकाकी मरेपर्यंत.
बोटं सुरकुतली. रेडिओवर रग्बी हरत होतं कुणीतरी.

चौथ्यांदा ओतलं तेव्हा पाणी फुटलं नाही.
एकसंध पसरलं, पार काठापर्यंत गेलं.
मी बायकोला हाक मारली, ये, बघ.
ती चप्पल घालून आली, बघितलं,
म्हणाली, पाणी आहे.

पारदर्शक प्रायमर, त्यावर पोपटी, तीन पातळ हात,
मधे हीटर, मधे चहा,
आणि कुठूनसा येऊन बसलेला लोकरीचा एक धागा,
तो अजून आहे तिथं, सीटखाली, रंगाच्या आत.

डिसेंबरात केमिस्टच्या दाराला घासली त्यांनी.
रडवेल्या होऊन दाखवायला आल्या.
बोटभर चरा, खालचं राखाडी उघडं.
अरेरे, म्हटलं, आणि वाकलो.
चऱ्याच्या काठावरून नख फिरवलं,
इकडून, तिकडून, मग जरा जोर लावून.

रंग उचकटत नव्हता.

त्यांना तोंड दिसू नये म्हणून
तसाच वाकून राहिलो थोडा वेळ.